घडीचं पान

श्रेणिकरावांनी टेबलावरचा फोन, प्रुफांचे गठ्ठे, पानाचा डबा सगळं खाली उतरवलं, तरी चित्र मावेना. मग हेमा म्हणाली, "सर, जमिनीवरच पसरू." त्यांनी स्वतः उठून खुर्च्या भिंतीला लावल्या. मी एक टोक धरलं, हेमानं गुंडाळी हातात घेतली आणि ती उलगडत उलगडत मागे सरकत राहिली. खोली संपली, उंबरा आला, ती व्हरांड्यात गेली.

"अजून आहे?" श्रेणिकरावांनी विचारलं.

"थोडं आहे," ती बाहेरून म्हणाली.

चित्र होतं आमच्या गावच्या बुधवारच्या बाजाराचं. हेमा आणि मी एकाच गल्लीत वाढलो. चित्रकलेचा डिप्लोमाही सांगलीत बरोबरच केला. पुढे तिचं लग्न झालं आणि ती सांगलीतच राहिली. मी गावातल्या हायस्कुलात चित्रकला शिकवायला लागले. श्रेणिकराव मगदूम यांचं सांगलीत लहानसं प्रकाशन होतं. मुलांसाठी बाजाराचं पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं. मजकूर ते स्वतः लिहिणार, चित्रं आम्ही दोघींनी काढायची, असं ठरलं होतं. सुटी सुटी चित्रं काढण्याऐवजी एकच लांब चित्र काढू, ही कल्पना आमची. मी दर रविवारी एसटीनं हेमाकडे जायची. तिच्या घराला वरच्या मजल्यावर लांबलचक खोली होती. तिथे कागद पसरून ती डावीकडून सुरुवात करायची, मी उजवीकडून. तिच्याकडे सकाळ होती: गाड्या येतायत, बायका पाट्या उतरवतायत, चहाचं आधण चढतंय. माझ्याकडे संध्याकाळ होती: उरलेली मेथी स्वस्तात निघालीय, पालं सोडली जातायत, कुत्री उष्ट्याभोवती फिरतायत. पावसाळा संपता संपता आम्ही दोघी मधल्या चहाच्या हॉटेलापाशी पोचलो. तिथलं बाकडं अर्धं तिनं रंगवलं, अर्धं मी.

श्रेणिकराव धोतर सावरत गुडघ्यांवर बसले आणि डाव्या टोकापासून रांगत निघाले. मध्ये मध्ये हसत होते. एका म्हशीपाशी थांबून म्हणाले, "ही आमच्या मामांचीच आहे." माझ्या टोकाशी, अगदी शेवटी, ते थांबले आणि बराच वेळ हलले नाहीत.

तिथे माझे वडील बसले होते.

अण्णा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान नव्हतं. काचेची एक पेटी, काळी छत्री आणि बसायला पोतं, एवढ्यावर ते आठवड्याचे सगळे बाजार फिरायचे. दोन वर्षांपूर्वी ते तापाचं निमित्त होऊन गेले होते. घरात त्यांचा एकच फोटो, तोही लग्नातला; त्यातला विशीतला मुंडावळ्या बांधलेला मुलगा मला कधीच ओळखीचा वाटला नाही. चित्रात मी त्यांना माझ्या आठवणीतले काढले होते. बाजार उठलेला, सगळे निघालेले, आणि हे एका डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ कानाशी धरून ऐकतायत. दुसऱ्या हातात चिमटा. चेहऱ्यावर थोडं हसू, म्हणजे घड्याळ चालू झालंय.

"हा माणूस बोलेल आता," श्रेणिकराव म्हणाले.

हेमानं मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग कामाचं बोलणं सुरू झालं. एवढं लांब चित्र पुस्तकात घालायचं कसं? श्रेणिकरावांनी कालचा पेपर उचलला आणि मधोमध दुमडला. "पानापानांवर पसरलं तर प्रत्येक दोन पानांमध्ये शिवण येते. शिवणीत माणूस गेला की गेला. नाक इकडं, कान तिकडं. आणि सगळं चित्र बारीक करून एका पानावर घेतलं, तर मुंग्या दिसतील."

"मग?" मी विचारलं.

त्यांनी पेपर पुन्हा पुन्हा उलटसुलट दुमडला, त्याची पंख्यासारखी घडी केली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "ओढा."

मी ओढलं. पेपर उलगडत गेला.

"पुस्तकाच्या शेवटी घडीचं पान लावू. पोरं ओढत जातील, बाजार बाहेर येत जाईल. कापायचं नाही, बारीक करायचं नाही. शब्द देतो."

जाताना जिन्यात हेमानं मला मिठी मारली. "इंदू, तुझे अण्णा सगळ्यात शेवटी येणार बघ. पोरं ओढत ओढत जाणार आणि शेवटी अण्णा."

त्यानंतर महिन्याभरात आईचं डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आमचं चित्र तिनं पाहिलंच नव्हतं. एक तर ते सांगलीत होतं आणि दुसरं म्हणजे तिला ताटातली भाकरीसुद्धा चाचपावी लागायची. मी तिला मिरजेच्या दवाखान्यात दाखल केलं. चार-आठ दिवसांत घरी येऊ असं वाटलं होतं, पण एका डोळ्यात पू झाला आणि मुक्काम वाढत गेला. मी शाळेत रजा टाकली. दवाखान्याच्या आवारात एका खोलीत स्टोव्ह पेटवून भात लावायचा, आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे, दुपारी तिच्या खाटेशी बसून पेपर वाचून दाखवायचा, असे दिवस चालले होते.

हेमा एकदा भेटायला आली. मोसंबी घेऊन आली होती. आईच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. तिनं आवाजावरून ओळखलं आणि हेमाचा हात आपल्या हातात घेऊन बसली.

"तुमच्या दोघींचं पुस्तक कुठवर आलं?" आईनं विचारलं.

"चाललंय काकू. छापायला गेलं."

मला आनंद झाला. "घडीच्या पानाचं जमलं?" मी विचारलं.

हेमा मोसंबं सोलत होती. "तू तिकडचं काही मनात आणू नको," ती म्हणाली. "मी आहे ना तिथे. तू काकूंकडे बघ."

तिनं मोसंब्याच्या फोडी एकेक करून आईच्या हातावर ठेवल्या. बिया काढून. बस चुकेल म्हणून घाईनं गेली.

आम्ही घरी आलो तेव्हा प्रकाशन समारंभाचं निमंत्रण येऊन पडलं होतं. कार्डावर चित्रकार म्हणून हेमाचं नाव होतं. मला वाटलं, जागा कमी पडली असेल. खरंच तसं वाटलं. आईला प्रवास करायला, वाकायला, रडायला डॉक्टरांनी मनाई केली होती. डोळ्यांतून पाणी येऊ द्यायचं नाही, असं पुन्हा पुन्हा बजावलं होतं. शेजारच्या वहिनींना तिच्यापाशी बसवून मी एकटीच सांगलीला गेले.

समारंभ वाचनालयाच्या सभागृहात होता. मी पोचले तेव्हा सुरुवात झाली होती, म्हणून मागच्या रांगेत बसले. हेमा व्यासपीठावर होती, श्रेणिकरावांच्या शेजारी. माझ्याकडे तिचं लक्ष गेलं नसावं. शेजारच्या गृहस्थांनी पुस्तक विकत घेतलेलं होतं. मी ते पाहायला मागितलं.

घडी बघायला आधी शेवटचं पान उघडलं. तिथे घडी नव्हती. कोरं पान होतं. मी पुढून चाळायला लागले. चित्र पानापानांवर पसरलेलं होतं, मोठं, स्वच्छ छापलेलं. गाड्या, पाट्या, चहाचं आधण. पानं संपत आली तेव्हा चहाचं हॉटेल आलं आणि अर्ध्या बाकड्याशी चित्र संपलं. दुसरं अर्धं बाकडं नव्हतं. त्यापुढचं काहीच नव्हतं. मेथी, पालं, कुत्री, संध्याकाळ, काही नाही.

मी परत पहिल्या पानावर आले. घाईत मी ते नीट पाहिलंच नव्हतं. पहिल्या पानावर, बाजाराच्या तोंडाशी, जिथे हेमानं मुळात एक रिकामी गाडी काढली होती, तिथे अण्णा बसले होते.

काळी छत्री. छत्रीवरचं ठिगळ. डोळ्याला भिंग, कानाशी घड्याळ. पोत्याची दुमडलेली कडसुद्धा तीच. फक्त ते उलटे बसले होते. माझ्या चित्रात ते उजव्या टोकाला होते, म्हणून त्यांचं तोंड डावीकडे, बाजाराकडे होतं. इथे ते डाव्या टोकाला आले होते आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या माणसानं पाठ करून बसून चालत नाही. त्यानं आत, पुढच्या पानांकडे बघायला हवं. एवढं कुठलाही मांडणी करणारा सांगेल. म्हणून माझं चित्र ट्रेसिंग पेपरवर घेऊन तो कागद पालथा केला होता. माझे वडील डावखुरे होते. आयुष्यभर त्यांनी चिमटा डाव्या हातात धरला. पुस्तकात तो उजव्या हातात होता.

नावाच्या पानावर छापलं होतं, 'चित्रे: हेमलता कुडचे'. मागच्या पानावर आभारांत बारीक टाइपात पाच-सहा नावं होती. कागदवाले, बाइंडर, ब्लॉकवाले. त्यांत माझं होतं.

पाहुणे म्हणून कुणी निवृत्त मुख्याध्यापक आले होते. ते भाषणात म्हणाले, "मला या पुस्तकात सगळ्यात आवडला तो पहिल्याच पानावरचा घड्याळवाला. असा माणूस नुसत्या हातकौशल्यानं काढता येत नाही. हेमलताबाई, हा तुम्हांला कुठं भेटला?"

हेमा लाजून हसली. माइक तिच्यापुढे धरला गेला.

"असाच," ती म्हणाली. "मनातून आला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर चहा होता. श्रेणिकरावच मला शोधत आले. "इंदूताई, आई कशा आहेत? तुम्ही पुढं का नाही बसलात?" आणि मग आवाज उतरवून, "तुमचं मन मोठं हो. दुसरं कुणी असतं तर आपला भाग सोडायला तयार झालं नसतं."

"मी सोडला असं कोण म्हणालं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "हेमाताई म्हणाल्या. तुम्हांला मिरजेला भेटून आल्या त्या. तुम्ही म्हणालात म्हणे, घडीचं पान जमत नसेल तर माझा भाग काढा, फक्त तो म्हातारा कुठंतरी घ्या."

"मला हेमानं विचारलं नाही."

श्रेणिकरावांच्या हातातला कप बशीवर वाजला. ते भिडस्त गृहस्थ होते. "चित्राचा तुमचा भाग प्रेसमध्ये आहे," ते शेवटी म्हणाले. "कॅमेऱ्याखाली एवढं लांब बसेना, म्हणून मधे कापावं लागलं. मी नीट गुंडाळून ठेवलाय." मग तेच पुढे म्हणाले, "मी तुम्हांला एक कार्ड टाकायला हवं होतं."

हेमा सभागृहाच्या मागच्या दाराशी होती. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवत होती. मला पाहून तिचा चेहरा उतरला, आणि त्यावरूनच मला कळलं की श्रेणिकराव खरं बोलले.

"बाइंडर घडीला तयार होईना," तीच बोलायला लागली. "म्हणाला, पोरं दोनदा ओढतील, तिसऱ्यांदा फाटेल. फाटणारं पुस्तक शाळा घेत नाहीत. मग पानांवर पसरायचं ठरलं. सगळं घेतलं तर एवढीशी पट्टी होत होती, वर-खाली नुसता पांढरा कागद. मोठं करायचं तर अर्धंच बसत होतं. इंदू, कुणाचं तरी अर्धं जाणारच होतं."

"तुझं का नाही गेलं?"

तिनं खुर्चीवरचा हार सरळ केला. "मी तिथे होते."

"मी मिरजेला होते. मिरज किती लांब आहे? तू आली होतीस."

"काकूंची ती अवस्था. तुला काय सांगायचं होतं तेव्हा?"

"जे श्रेणिकरावांना सांगितलंस तेच."

तिनं मान खाली घातली. श्रेणिकरावांनी दिलेल्या पुस्तकाचं पहिलं पान उघडून मी तिच्यापुढे धरलं. "हे कशाला केलंस?"

"तो भाग गेला असता तर अण्णा गेले असते," हेमा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अख्ख्या चित्रात तेच खरे होते, तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी त्यांना ठेवलं. मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"मग ते माझे वडील आहेत असं का नाही म्हणालीस? एवढा माइक दिला होता."

लोक येऊन तिची सही मागत होते. ती एकेकाला सही देत होती आणि डोळे पुसत होती. लोकांना वाटलं असेल, आनंदानं रडतेय. मग ती मला भिंतीशी घेऊन गेली.

"इंदू, काकूंना काही सांगू नको. मी स्वतः येऊन सांगेन. सगळं सांगेन, पाया पडेन. तू सांगितलंस तर मला तुझ्या घराची पायरी चढता यायची नाही. लहानपणापासून त्यांच्या हातचं खाल्लंय मी. पुढच्या आवृत्तीत तुझं नाव घालायला लावते. तेवढं मला करू दे."

मी हो म्हटलं. मला अजून ती मैत्रीण वाटत होती. चूक केली, घाबरली, पण तोंडानं सांगेन म्हणतेय, तर सांगू दे, असं मी मनाशी धरलं. वाटेत प्रेसमधून माझ्या अर्ध्या चित्राची गुंडाळी घेतली आणि ती काखेत धरून मी एसटीत बसले.

घरी आले तर आई अंगणात खुर्चीवर बसली होती. जाड भिंगांचा नवा चष्मा लागल्यापासून ती दिवसभर काही ना काही बघत बसायची. "दाखव की पुस्तक," ती म्हणाली.

मी गुंडाळी आत कपाटावर टाकली आणि पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पदरानं हात पुसले, पहिलं पान उघडलं. बोटानं ती छत्री चाचपत राहिली.

"अगं, हे..." ती म्हणाली. "हे आलेत की."

"रडायचं नाही, आई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"नाही रडत." तिनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. ऑपरेशनच्या आधी तीन वर्षं तिला कुणाचाच चेहरा धड दिसला नव्हता. अण्णा आजारी पडले तेव्हासुद्धा ती त्यांना धुक्यातून बघत होती. "असंच बसायचे. घड्याळ चालू झालं की असंच हसायचे. मला वाटलं होतं आता काही हे दिसायचे नाहीत." मग तिनं नावाचं पान उघडून अक्षरं लावली. "हेमानं काढलं हे?"

मी तांब्या उचलून विहिरीकडे निघाले होते. तिथेच थांबले.

"तू यात कुठलं काढलंस?"

"माझं थोडंच आहे," मी म्हटलं. "मी मिरजेला होते ना."

आईनं मान हलवली. तिला ते पटलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तू तर रोज त्यांच्याजवळ असायचीस गं. तुला कसं नाही सुचलं त्यांना काढायचं?"

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. सहज विचारलं होतं. कपाटावरची गुंडाळी काढून तिच्यापुढे पसरायला मला किती वेळ लागला असता? पण मी हेमाला हो म्हटलं होतं. आणि मला वाटत होतं, हेमानं येऊन सांगितलं की आई माझ्याकडे बघेल. मला ते तिच्या तोंडून व्हायला हवं होतं.

"नाही सुचलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून आई पुस्तक घेऊन गल्लीत घरोघर जायला लागली. बायकांना अण्णा दाखवायची आणि हेमाचं नाव सांगायची. आठवड्यानं म्हणाली, "तिची ओटी भरायची. सवाष्ण आहे, माहेरवाशीण आहे, आणि माझ्यासाठी एवढं केलंय. बोलाव तिला."

आईनं स्वतः दुकानात जाऊन साडी आणली. जांभळी, रुंद काठांची. काठावर मोर होते. दिसायला लागल्यावर तिनं स्वतः बघून घेतलेली पहिली साडी ती. स्वतःसाठी नव्हती.

हेमा रविवारी आली. दारात तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. आज सांगणार, असं मला वाटलं. आई आतून "ये गं बाय" म्हणत आली, तिचे दोन्ही गाल धरून तिला जवळ घेतलं. पुरणपोळी केली होती. जेवताना आई एकटीच बोलत होती.

जेवणं झाल्यावर आईनं पाट मांडला. ताटात नारळ, तांदूळ, हळदकुंकू, साडी, खण. अण्णा गेल्यापासून ती कुणाला कुंकू लावत नसे. आमच्याकडे तशी रीत होती. तिनं करंडा माझ्या हातात दिला. "तू लाव."

मी हेमाच्या कपाळाला कुंकू लावलं. ओंजळीनं तांदूळ तिच्या पदरात घातले, नारळ घातला, साडी ठेवली. ती खाली बघत होती. आई शेजारी गुडघे दुमडून बसली होती, तिच्या तोंडाकडे नव्या डोळ्यांनी टक लावून बघत.

"हेमा, एक विचारू?" आई म्हणाली. "तुला ते एवढे हुबेहूब कसे गं आठवले?"

मी ताट खाली ठेवलं. याहून सरळ प्रश्न कुणी विचारू शकलं नसतं. हेमानं मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे बघत राहिले. तिचे ओठ हलले.

"लहानपणी बाजारात त्यांच्यापाशी बसायची ना मी," ती आईला म्हणाली. "डोळे मिटले की दिसतात, काकू."

आईनं तिचा हात आपल्या कपाळाला लावला.

मी तिला पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले, कारण आईनं सांगितलं, "सोडून ये." कोपऱ्यावर ती थांबली. साडीची पिशवी छातीशी धरली होती.

"तू का नाही बोललीस?" ती म्हणाली. "तू बोलली असतीस तर मी नाही म्हटलं नसतं."

"तू सांगणार होतीस."

"त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या..." ती म्हणाली. "मला नाही जमलं, इंदू. मला आई नाही, तुला माहीत आहे."

बस आली. ती चढली. खिडकीतून हात करील असं वाटलं, पण ती पलीकडच्या बाजूला बसली.

त्यानंतर आम्ही भेटलो नाही. तिनं दोनदा पत्र टाकलं, मी उत्तर दिलं नाही. आईला मी सांगितलं की हेमा संसारात गुंतली. श्रेणिकरावांनी दुसरी आवृत्ती काढायच्या आधीच प्रकाशन बंद केलं. माझी गुंडाळी कपाटावर होती तिथेच राहिली. आई तिच्याकडे बोट करून एकदा म्हणाली, ते काय आहे, झाडताना पडतंय. मी म्हटलं, शाळेचे नकाशे आहेत. तेव्हा सांगायचं ठरवलं असतं तरी सांगता आलं नसतं. आई रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की पुस्तकाचं पहिलं पान उघडून ठेवायची. तिचे अण्णा उजव्या हातात चिमटा धरून बसलेले असायचे. तिच्या ते कधी लक्षात आलं नाही, की आलं असेल आणि तिनं चालवून घेतलं असेल, मला माहीत नाही.

दोन वर्षांनी हेमाला मुलांच्या पुस्तकांच्या चित्रांसाठी बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला होता. मी शाळेतून आले तेव्हा आई पेपर घेऊन उंबऱ्यातच उभी होती.

"बघ," ती म्हणाली, आणि तिनं बोट फोटोवर ठेवलं, हेमाच्या पदरावर, काठावरच्या मोरांवर. "आपली साडी नेसलीय."